नाण्यावरचा पक्षी दागिन्यात आणताना

न्यूझीलंडची १९४० ते १९६५ या काळातली पेनी हातात घेतली की आपला ढब्बू पैसा आठवतो. तसाच ऐसपैस आकार, तसाच तांबूस-तपकिरी रंग. व्यास जवळजवळ ३१ मिलिमीटर, वजन साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. तिच्यावर कोव्हायच्या फुलांच्या फांदीवर तुई पक्षी बसला आहे. भिंगातून बघितलं तर त्याच्या गळ्याखालचा पिसांचा छोटासा झुबकाही दिसतो. मला अशी पहिली पेनी मिळाली ती आत्याच्या शिवणाच्या डब्यात, बटणांमध्ये. तेव्हापासून परदेशी नाण्यांवरचे पक्षी गोळा करायचे आणि त्यांची पदकं, कानातले, हार करायचे हा माझा उद्योग चालू आहे.

नाण्यावरचा पक्षी एका कसलेल्या शिल्पकाराने आधीच घडवलेला असतो, हे मला या कामात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपण फक्त त्याला जागा करून द्यायची. जितकं कमी कापाल, जितकं कमी घासाल, तितका पक्षी जिवंत राहतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबाने सांगते आहे.

नाण्यांचा दागिना आपल्याला नवा नाही. पुतळीहारातली पुतळी ही व्हेनिसच्या डुकॅट नाण्याच्या नकलेतून आलेली आहे. दर्यापार व्यापारातून आलेलं सोन्याचं नाणं आपल्या बायकांनी गळ्यात घातलं आणि सोनारांनी त्याचा साचा करून ते आपलंसं केलं. परदेशी नाणं गळ्यात घालणं ही मराठी घरातलीच रीत आहे.

कोणती नाणी घ्यावीत

कामाला सगळ्यात सोपं जुनं कांस्याचं नाणं. त्यात ९५ टक्क्यांच्या आसपास तांबं असतं, त्यामुळे ते करवतीला आणि ड्रिलला नरम लागतं, पुन्हा काळवताही येतं.

ब्रिटनचा फार्दिंग, म्हणजे पाव पेनीचं नाणं, १९३७ ते १९५६. चिमणीपेक्षाही लहान, शेपटी उभी धरणारा रेन पक्षी त्यावर आहे. सगळ्यात छोट्या नाण्यावर सगळ्यात छोट्या पक्ष्यांपैकी एक. नाणं २० मिलिमीटरचं, पावणेतीन ग्रॅमपेक्षा किंचित जास्त. १९४८ पर्यंतच्या फार्दिंगवर राजाच्या नावाभोवतीच्या लॅटिन अक्षरांत ‘हिंदुस्थानचा सम्राट’ अशा अर्थाची अक्षरं सापडतात, १९४९ पासून ती गेली. मी तरी १९४८ आणि १९४९ ची जोडीच शोधते. एका कानात साम्राज्य असलेलं नाणं, दुसऱ्या कानात नसलेलं.

आयर्लंडची १९२८ पासूनची नाणी म्हणजे या छंदाची मेजवानी. कवी डब्ल्यू. बी. येट्स यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पर्सी मेटकाफची चित्रं निवडली. फार्दिंगवर वुडकॉक आहे, पेनीवर कोंबडी आणि तिची पाच पिल्लं. ही पेनी लहान मुलांना फार आवडते. तिची किचेन करून द्या, मूल पिल्लं मोजत बसतं.

न्यूझीलंडच्या सहा पेन्सवर हुइया पक्षी आहे. त्याचं नाणं १९३३ मध्ये निघालं, पण पक्षी शेवटचा खात्रीने दिसला तो १९०७ मध्ये. म्हणजे नाणं आलं तेव्हा पक्षी जवळपास पाव शतकापूर्वीच गेलेला होता. नाण्यावरची मादी आहे, हे तिच्या लांब, वळणदार चोचीवरून कळतं. १९४६ पर्यंतच्या नाण्यांत निम्मी चांदी आहे. मी हे नाणं कधीच कापत नाही आणि तुम्हीही कापू नका असं मनापासून सांगते. त्याला फक्त घर, म्हणजे न कापता बसवायची चौकट, करून द्यायचं.

दक्षिण आफ्रिकेच्या १९२३ ते १९६० च्या फार्दिंगवर दोन चिमण्या आहेत. कानातल्यांसाठी याहून गोड नाणं मला माहीत नाही.

वजन नको असेल तर इंडोनेशिया. १९९९ पासूनचं ५० रुपियाचं ॲल्युमिनियमचं नाणं काळ्या मानेच्या हळद्याचं आहे आणि १०० रुपियाचं पाम काकाकुव्याचं. ५० चं वजन दीड ग्रॅमही नाही. दिवसभर कानात असलं तरी जाणवत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या १० सेंटवरचा, शेपटीचा पिसारा पसरलेला लायरबर्ड देखणा आहे. पण ते नाणं तांबं-निकेलचं आहे आणि अजून चलनात आहे. ग्रीसच्या १ युरोवर प्राचीन अथेन्सच्या नाण्यावरून घेतलेलं घुबड आहे. या दोन धातूंच्या नाण्याला करवत लावू नका, मधला गोल सुटून येतो.

खरेदीला जाताना खिशात एक लोहचुंबक ठेवा. चुंबकाला चिकटणारं नाणं बहुतेक वेळा पोलादाचं असतं, वर फक्त मुलामा. त्याला छिद्र पाडलं की आतला पांढरा धातू उघडा पडतो आणि आपल्या पावसाळ्यात पहिल्या महिन्यात गंज धरतो. कॅनडाचा लून पक्ष्याचा डॉलर असाच आहे. २०१२ पासून पोलादी आणि त्याआधी निकेलचा, तोही चुंबकाला चिकटतो.

पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात, मुंबईत चोर बाजारात आणि नाण्यांच्या प्रदर्शनांत परदेशी नाण्यांची टोपली असतेच. झिजलेली, पण पक्षी स्पष्ट दिसणारी नाणी निवडा. कोरी करकरीत नाणी संग्राहकांसाठी सोडा. त्यांची किंमतही जास्त असते आणि कापली की ती संपते. १०० वर्षांहून जुनं नाणं कापायला घेऊ नये, हा माझा स्वतःचा नियम आहे.

कायद्याचं एवढं लक्षात ठेवा

भारतीय नाण्याला यातलं काहीही करू नका. २०११ च्या नाणे कायद्यानुसार नाणं वितळवणं, नष्ट करणं किंवा व्यवहाराखेरीज दुसऱ्या कामाला वापरणं गुन्हा आहे आणि शिक्षा ७ वर्षांपर्यंत जाऊ शकते. परदेशी नाणी या कायद्यात येत नाहीत. पण तुमची मुलगी टोरांटोत बसून हे करणार असेल तर तिथला कायदा तिला लागू होतो. कॅनडात चालू नाणं वितळवायला, तोडायला किंवा चलनाशिवाय वापरायला परवाना लागतो. ब्रिटनमध्ये चालू नाणी आणि १६ मे १९६९ नंतर चलनातून गेलेली नाणी परवान्याशिवाय वितळवता किंवा तोडता येत नाहीत. फार्दिंग १९६० अखेरीसच बंद झाला, म्हणून तो सुटतो. अमेरिकेत फसवणुकीचा हेतू नसेल तर नाण्याचा दागिना करायला हरकत नाही. शंका असेल तिथे सोपा मार्ग घ्या. न कापता, न भोकता नाणं चौकटीत बसवा.

आधी धुवा, पण चमकवू नका

कोमट पाणी, अंगाच्या साबणाचे दोन थेंब, जुना मऊ टूथब्रश. एवढंच. सुती फडक्याने टिपून घ्या, पुसू नका.

माझी पहिली तुई पेनी मी देवाची भांडी घासावीत तशी चिंच-मिठाने घासली. मिनिटभरात ती गुलाबी, उघडीबोडकी झाली आणि पक्षी दिसेनासा झाला. पिसांच्या खाचांत बसलेला काळसरपणा हीच खरी रेखाटणी असते. ती गेली की वर आणि खाली एकाच रंगाचा धातू उरतो आणि डोळ्याला आकार सापडत नाही. ती पेनी पुन्हा उभी करायला मला आठवडा लागला. कसा, ते पुढे रंगाच्या भागात येईल. ॲल्युमिनियमच्या नाण्याला तर लिंबू, चिंच काहीच लावू नका, डाग पडतात.

वरची बाजू ठरवा

ही पायरी दोन मिनिटांची आहे, पण ती चुकली तर पुढचं सगळं काम वाया जातं. गोल नाणं जिथे भोक असेल तिथूनच लटकतं. म्हणून पक्ष्याची फांदी किंवा त्याच्या पायाखालची जमीन आडवी धरा आणि बरोबर वर, कडेच्या आत, मार्करने ठिपका द्या. मग चिकटपट्टीने दोरा त्या ठिपक्यावर लावून नाणं लटकवून बघा. पक्षी पुढे पडल्यासारखा वाटतो का? ठिपका एक-दोन मिलिमीटर सरकवा.

आता नाणं पुस्तकाचं पान उलटावं तसं डावीकडून उजवीकडे फिरवा. ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंड आणि युरोच्या नाण्यांत मागचा चेहराही सरळ येतो. अमेरिकेच्या नाण्यांत तो डोक्यावर उभा असतो. म्हणजे १९९८ पर्यंतच्या क्वार्टरवरचा (पाव डॉलरवरचा) गरुड सरळ लटकवला की मागे वॉशिंग्टन उलटा. पदक गळ्यात फिरतं, तेव्हा लोकांना ते दिसतं. अशा नाण्याची मागची बाजू बंद असलेली चौकट करावी.

रेनच्या फार्दिंगवर पक्ष्याच्या डोक्यावर, बरोबर वरती, सालाचे आकडे आहेत. तिथे भोक पाडलं तर साल जातं. म्हणून फार्दिंग कधीही भोकू नये, त्याला कडी डाखून घ्यावी किंवा घर करावं.

छिद्र पाडणं

लागेल ते असं: छोटं हातड्रिल किंवा हॉबी ड्रिल, १.५ मिलिमीटरचं एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिट, सेंटर पंच, हातोडी, लाकडाचा ठोकळा, छोटा क्लँप, शिवणयंत्राचं तेल आणि चष्मा. चष्मा डोळ्यांवरच हवा, कपाळावर नको.

नाण्याखाली जुन्या चामड्याचा किंवा जाड कापडाचा तुकडा ठेवा, म्हणजे खालचं चित्र दबत नाही. ठिपक्यावर पंच उभा धरून एकच नेमका ठोका द्या. ही खळी नसेल तर बिट घसरतं आणि थेट पक्ष्याच्या मानेवर ओरखडा काढतं. नाणं क्लँपने ठोकळ्यावर आवळा. बोटांनी धरू नका. बिट अडकलं की नाणं भिंगरीसारखं फिरतं आणि बोट कापतं. खळीत तेलाचा थेंब टाका, वेग कमी ठेवा, दर दोन-तीन सेकंदांनी बिट वर उचला आणि कीस बाहेर येऊ द्या. कांस्याला फार जोर लागत नाही. तांबं-निकेलच्या नाण्याला वेळ लागतो, तिथे घाई केली की बिट तापून बोथट होतं.

छिद्राची कड आणि नाण्याची कड यांच्यात दीड ते दोन मिलिमीटर धातू उरलाच पाहिजे. पाडून झाल्यावर ३-४ मिलिमीटरचं मोठं बिट नुसत्या हाताने दोन्ही बाजूंनी एक-दोन वेळा फिरवा. छिद्राच्या ओठांवरची कुसं निघून जातात, नाहीतर ती साखळी कापतात आणि साडीचे धागे ओढतात.

कडी उघडताना दोन पकडी वापरा आणि टोकं पुढे-मागे सरकवा, बाहेर फाकवू नका. फाकवलेली कडी पुन्हा कधीच नीट गोल होत नाही.

करवतीने पक्षी मोकळा करणं

पक्ष्याभोवतीची रिकामी जागा कापून काढायची आणि कडेच्या वर्तुळात पक्षी अधांतरी बसलेला ठेवायचा. या कामाला संध्याकाळ लागते, पहिल्या वेळी दोन.

आधी नाण्याचा फोटो मोठा करून छापा आणि कोणते भाग काढायचे ते पेन्सिलीने काळे करा. पक्षी किंवा त्याची फांदी कडेला किमान दोन, शक्यतो तीन ठिकाणी जोडलेली राहिली पाहिजे. चित्रात तसा जोड नसेल तर दोन मिलिमीटर रुंदीचा धातू मुद्दाम सोडा. चोच आणि शेपटीची टोकं यांना जमलं तर आधार ठेवा, कारण वापरात तीच पहिली वाकतात. कडेवरची अक्षरं मी सहसा राखते. देशाचं नाव आणि साल नसलं की ते नाणं होतं हे कळतच नाही.

काळ्या केलेल्या प्रत्येक भागात १ मिलिमीटरचं छिद्र पाडा. सोनारी करवतीचं पातं या छिद्रातून ओवायचं, दात खाली, मुठीकडे. पेनीची जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास असते, तिला २/० नंबरचं पातं चालतं. फार्दिंगसारख्या मिलिमीटरभर जाडीच्या नाण्याला ३/० किंवा ४/०. हिशेब एकच: धातूच्या जाडीत पात्याचे निदान तीन दात मावले पाहिजेत. पातं इतकं ताणा की नखाने छेडलं तर तंबोऱ्याच्या तारेसारखा टणटणीत सूर निघेल. बद्द आवाज आला तर ते ढिलं आहे आणि पहिल्याच वळणावर तुटेल.

टेबलाच्या कडेला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असलेली लाकडी फळी आवळून बसवा आणि नाणं खाचेवर धरा. पात्याला मेणबत्ती घासा. करवत सरळ वर-खाली चालवा, खाली जाताना कापते, वर येताना नुसती सरकते. वळण आलं की हात चालूच ठेवा, पण पुढे ढकलू नका, आणि नाणं हळूहळू फिरवा. जागच्या जागी चालणारी करवत स्वतःपुरती जागा करून घेते आणि मग वळते. रेषेच्या बाहेरच्या बाजूने कापा, अर्धा मिलिमीटर शिल्लक ठेवा. तो नंतर सुईकानशीने काढता येतो, गेलेला धातू परत येत नाही. पाती तुटणारच, डझनाने आणा.

हे काम स्वयंपाकघरात करू नका. तांब्याचा आणि विशेषतः निकेलचा कीस श्वासात आणि अन्नात जाता कामा नये. मास्क लावा, खाली वर्तमानपत्र पसरा, झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून घ्या. ॲल्युमिनियमला कानस लावण्याआधी तिच्यावर खडू घासा, नाहीतर मऊ धातू दातांत अडकून बसतो.

कापलेल्या कडा आधी सुईकानशीने, मग ४००, ८०० आणि १२०० नंबरच्या वॉटर पेपरच्या बारीक गुंडाळ्यांनी घासा. कागद फक्त कडांना लागू द्या. पक्ष्याच्या अंगाला वॉटर पेपर लागला की पिसं गेली.

रंग परत आणणं

कापलेल्या कडा चकचकीत तांब्याच्या दिसतात आणि मधला पक्षी तपकिरी. काहींना तो विरोध आवडतो. मला एकसारखं हवं असतं, आणि त्यासाठी घरचा उपाय आहे: उकडलेलं अंडं. गरम अंडं सोलून, कुस्करून झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. बाजूला बाटलीच्या बुचावर नाणं ठेवा, अंड्याला ते चिकटू देऊ नका. झाकण घट्ट लावा. अंड्यातल्या गंधकाच्या वाफेने तांबं आधी सोनेरी, मग तपकिरी, मग काळपट होतं. दर अर्ध्या तासाने बघा, हवा तो रंग आला की काढून धुवा. डबा पुन्हा जेवणाला वापरू नका.

नंतर कोरडं सुती फडकं बोटाला गुंडाळून फक्त उंच भाग हलके पुसा: छाती, डोकं, फांदीची वरची कड. खाचांत काळं राहतं, वर तांबं उजळतं. तुईच्या गळ्याखालचा झुबका पुन्हा वर येतो तो क्षण बघायलाच हवा.

कोंदण, घर आणि हार

न भोकता दागिना करायचा तर ओळखीच्या सोनाराकडे जा आणि चांदीचं गोल घर करून मागा. खड्याला कोंदण असतं तसंच, फक्त मागून उघडं. नाणं दाखवून माप घ्यायला लावा, झिजलेल्या नाण्यांचा व्यास थोडा कमी भरतो. सोनाराला आधीच सांगा की नाण्याला पॉलिशचा चाक लावायचा नाही. हे दोनदा सांगा. चकचकीत करून देणं हा त्यांचा चांगुलपणा असतो, पण आपला पक्षी त्यात जातो.

फार्दिंगचा पुतळीहार करायचा तर प्रत्येक नाण्याच्या कडेला छोटी कडी डाखून घ्यावी लागते. टाकणखार लावून डाख देताना पूर्ण नाणं तापतं, त्यामुळे तपकिरी रंग जातो. तो वरच्या अंड्याच्या उपायाने सगळ्या नाण्यांना एकदम द्या, म्हणजे छटा सारखी येते. २१ फार्दिंगांचं वजन साठ ग्रॅमच्या आसपास होतं. रोजच्या वापराला हे जड आहे, सणाला ठीक. गाठवायला पटवेकऱ्याकडे द्या. रेशमी दोऱ्यात प्रत्येक नाण्यामध्ये दोन मणी टाकायला सांगा, नाहीतर नाणी एकमेकांवर आपटून पक्षी झिजतात. रेनचं तोंड प्रत्येक नाण्यावर एकाच दिशेला असतं, त्यामुळे सगळे पक्षी एका ओळीत निघाल्यासारखे दिसतात. मध्यभागी मी आयर्लंडची कोंबडीची पेनी घालते.

बटणं, ब्रोच, फ्रिजचं चुंबक यांना डाख नको, ॲराल्डाइट पुरतं. नाण्याची मागची बाजू २२० च्या कागदाने खरवडा, स्पिरिटने पुसा, दोन्ही नळ्यांतलं सारखं मिश्रण लावा आणि चोवीस तास हलवू नका.

अंगाला लागताना

तांब्याने गळा हिरवट होतो, तो धुतला की जातो. निकेलचं तसं नाही. ज्यांना नकली कानातल्यांनी कान चिघळतात त्यांनी तांबं-निकेलची नाणी आणि दोन धातूंची युरो नाणी अंगाला लावू नयेत. घामात दोन धातू एकत्र आले की निकेल जास्त सुटतं. अशा नाण्यांच्या किचेन करा, फ्रेम करा. कानातल्यांचे हूक नेहमी चांदीचे किंवा सर्जिकल स्टीलचे घ्या, नाणं कुठलंही असो.

पदकाच्या मागच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचे दोन पातळ हात द्या आणि झिजले की पुन्हा द्या. पुढच्या बाजूला फक्त पांढरं मेण, फडक्याने चोळून. पावसाळ्यात दागिना झिपच्या पिशवीत, आत खडूचा एक तुकडा टाकून ठेवा. अत्तर लावून झाल्यावर घाला, आधी नको. आणि पोहायला, समुद्रावर जाताना काढून ठेवा. खाऱ्या पाण्याने कांस्यावर हिरवे ठिपके धरतात आणि ते एकदा खोल गेले की पिसांसकटच निघतात.